रेडिओवरचं एक मिनिट

चीक घाटायला घ्यायचा तो रेडिओवर समुद्राचं हवामान सुरू व्हायच्या आत आणि उतरवायचा तो पहिल्या बातम्या संपायच्या आत, हा कौसल्येचा नेम. भिंतीवर घड्याळ होतं. पण ते बघायला मान वर करावी लागते, आणि चीक मान वर करू देत नाही. एवढासा हात थांबला की बुडाला गुठळी धरते. तेव्हा वेळ कानाने पाहायची.

मे महिना होता. गॅस पेटवायच्या आधीच पदर पाठीला चिकटला होता. शिवाजी पार्कच्या बायकांनी कुरडया सांगून ठेवल्या होत्या. तीन दिवस भिजलेला गहू काल वाटून झाला होता, रात्रभर चीक निवळला होता, आणि आठ दिवस आभाळ असं मळकट की ऊन पडेल की नाही सांगता येत नव्हतं. आज कुरडया पडल्या नाहीत तर चीक आंबणार होता. आणि नेमका आजच रेडिओचा तो दिवस.

दत्ताराम समोर उकिडवा बसून दोन फडक्यांनी पातेलं धरून होता. पंचाहत्तरीचा माणूस, पण दंड अजून गिरणीतल्या साचेवाल्याचे. कौसल्या दोन्ही हातांनी चाटू फिरवत होती. चीक पांढऱ्याचा काचेसारखा होत चालला होता. फळीवरचा ट्रान्झिस्टर खरखरला आणि दिल्लीचा माणूस सांगू लागला, अमुक किनाऱ्यावर वारा इतका, लाटा इतक्या, मच्छीमारांनी खोल पाण्यात जाऊ नये.

कौसल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत या वेळेला तो भुवया उडवून विचारायचा, "समुद्र काय म्हणतो?" तोंडाने नाही, हाताने. दोन्ही तळवे पालथे करून हलवायचे, की झाला समुद्र. पाटणच्या डोंगरातला माणूस, सोळा वर्षांचा होईपर्यंत ओढ्यापलीकडे पाणी न पाहिलेला. मुंबईत आला तेव्हापासून त्याला समुद्राची भारी चौकशी.

आज त्याने विचारलं नाही. पातेल्यात बघत बसला.

ती वाहिनी दिवसभर नुसती बोलायची. गाणं नाही, बाजा नाही. शेतकऱ्यांशी बोलायची, डॉक्टरांशी, कोळ्यांशी, शाळेतल्या पोरांशी. चाळीत तिला कुणी विचारत नसे. कौसल्या मात्र तिला 'बोलती' म्हणायची आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू ठेवायची. ऐकायची ती, आणि हातांनी दत्तारामाला सांगायची तीच.

दत्तारामाचे कान गिरणीत गेले. सोळा वर्षं डिलाईल रोडच्या मागच्या गिरणीत साचेखातं, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचं खातं, आणि संप फिसकटल्यावर आणखी वीस वर्षं भिवंडीचे माग. शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून साचेखात्याला स्वतःची बोली होती. ओठ मोठे करून हलवायचे आणि बाकीचं हातांनी सांगायचं. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम. नाकाच्या शेंड्यावर चष्मा सारल्यासारखं केलं की कारकून. उजवी मूठ डाव्या तळव्यावर दोनदा आपटून उघडली, की धोट्यातली सुताची कांडी संपली, नवी द्या. कौसल्या त्याच गिरणीत कांडी खात्यात होती, लग्नाआधीपासून. तिथेही तीच बोली. दोन मनगटं एकमेकांभोवती सुताच्या गुंडीसारखी फिरवली की त्याचा अर्थ, भरून देते.

लग्न गावाकडे जुळवलेलं, एकमेकांची ओळख नाही. ह्याच खोलीत तेव्हा नऊ माणसं राहायची. तिसऱ्या दिवशी सासूबाई मध्ये बसून तांदूळ निवडत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरून दत्तारामानं मूठ तळव्यावर दोनदा आपटून उघडली. कांडी संपली. म्हणजे भूक लागली. नव्या नवरीला हसू आवरेना. तिने हळूच मनगटं फिरवली. भरून देते. हिरव्या बांगड्या अशा वाजल्या की सासूबाईंनी वर पाहिलं.

"काय गं, काय झालं?"

"काय न्हाई आत्याबाई. डास हुता."

नऊ माणसांच्या खोलीत दोघांनी पुढे काय काय बोलून घेतलं, ते नऊ माणसांना कधी कळलं नाही. तोंडाने ती त्याला 'अवं' म्हणायची. हातांच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच, तिथे ती त्याला तू म्हणायची.

मुलाने, प्रफुल्लनं, पहिल्या पगारात कानाचं यंत्र आणलं होतं. दत्तारामानं ते दोन दिवस लावलं, आणि साचेखातं परत सुरू झालं म्हणत खणात ठेवून दिलं. तोंडाने बोलायचा तो थोडंफार. पण स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज वेडावाकडा होतो. त्याचा चढून फाटायचा. अकरा वर्षांपूर्वी घराच्या अर्जासाठी एका ऑफिसात गेला होता. नाव विचारलं तर इतक्या जोरात सांगितलं की सगळी रांग वळली. खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजोबा, मी बहिरी नाहीये," आणि रांग हसली. त्याला ऐकू आलं नाही. पण हसणारी तोंडं दिसली. त्या दिवसापासून चारचौघांत तोंड बंद. जे काय बोलायचं ते हातांनी, कौसल्येशी.

आणि तीन आठवड्यांपूर्वी बोलतीची सुरुची आली.

पाठीला पिशवी, गळ्यात हेडफोन, बोलणं दादर हिंदू कॉलनीतल्यासारखं स्वच्छ. बोलतीच्या वाढदिवशी दिवसभर, दोन कार्यक्रमांच्या मध्ये, देशातल्या कामांचे आवाज लावायचे होते. ती जुना साचेवाला शोधत होती. कौसल्येनं पत्र पाठवलं होतं ना, म्हणून आली. पत्रात कौसल्येनं एवढंच लिहिलं होतं की माझे मालक तुमचे कार्यक्रम माझ्या हातांवरून ऐकतात.

"आजोबा, साच्याबद्दल काहीतरी सांगा ना," सुरुची माईक धरून म्हणाली. कौसल्येनं हातांनी सांगितलं.

दत्तारामानं माईककडे पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, डोळे मिटले आणि बोलला. साच्याच्या भागांची नावं घेऊ लागला. धोटा, फणी, बीम, पावड्या. एकेक नाव आरोळीसारखं. आवाज चढला, फाटला, शेवटी नुसता किंचाळला. दाराशी नलू उभी होती, शेजारच्या खोलीतली. तिने तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावेना. मागे गॅलरीतली चार माणसं होती, ती पण हसली.

दत्तारामानं डोळे उघडले, आणि तोंडं पाहिली.

सुरुचीनं उठून दार लावलं. पण तो परत बोलला नाही. हातांनी कौसल्येशी थोडं बोलला. पंखा मोठा कर, हिला चहा दे, असलंच. सुरुचीनं रेकॉर्डिंगचं यंत्र तसंच चालू ठेवलं होतं. मग त्याने स्टुलावर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. साच्याच्या चौकटीवर ठोकून माणसाचं लक्ष वेधायची जुनी सवय ती. कौसल्येनं पाहिलं. त्याने उजवी मूठ डाव्या तळव्यावर दोनदा आपटली, आणि उघडली.

कांडी संपली.

भुकेचं नव्हतं ते, आपलंच संपलं म्हणत होता. चेहऱ्यावरून कळत होतं. कौसल्येचे हात उठलेच नाहीत. ती चहाला उठली.

त्या दिवसापासून हातही गप्प झाले. जेवणाला मान डोलवायची, पाण्याला बोट दाखवायचं. बोलतीवर काय लागलंय ते ती सांगायची, आणि तो पाहून न पाहिल्यासारखं करायचा. बावन्न वर्षांत असं झालं नव्हतं. एका माणसापुरतं उघडं होतं तेवढं दार पण लावून घेत होता तो.

जिन्यात कौसल्येनं सुरुचीचा हात धरला होता. "बाय, ते वरडणं तेवढं काढून टाक. पाया पडते."

"मी सांगेन आजी. पण काय लागेल ते दिल्लीत ठरतं. आणि वेळ पण दिल्लीच ठरवते."

ते वरडणं लागलं तर चाळ पुन्हा हसणार, दत्ताराम तोंडं पाहणार, आणि मग हात कायमचे मांडीवर जाणार. कौसल्येला दुसरी कसली भीती नव्हती.

बातम्या संपत आल्या आणि चीक उतरला. दोघांनी दोन बाजूंनी पातेलं उचललं. ती पुढे, तो मागे. तिसऱ्या मजल्यावरून गच्चीचा जिना. बारा पायऱ्या चढून ती थांबली, दम घेतला, परत उचललं. गच्चीच्या दाराशी शामराव किल्ली घेऊन उभे होते. चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी.

"वहिनी, चारपर्यंत हां. टाकी साफ करायला माणसं येणारेत. मग माझ्यावर ओरडायचं नाही."

"चार म्हंजी चार. पण ऊन तुमच्या कमिटीचं ऐकतंय व्हय?"

"रेडिओवर कधी आहे मग आमच्या साहेबांचं?"

"आज कवा तरी."

"म्हणजे दिवसभर ऐकायचं? बापरे. ते तर नुसतं बडबडतात."

प्लास्टिक अंथरलं, चार टोकांना विटा ठेवल्या. ट्रान्झिस्टर टाकीच्या सावलीत. कौसल्येनं सोऱ्यात गरम चीक भरायचा आणि दत्तारामानं दांडा दाबायचा. तिच्या मनगटात आता जोर नव्हता. त्याच्या हाताखाली शेवया सरसर उतरायच्या, गोल फिरायच्या, एक कुरडई तयार. तळवे भाजत होते. मध्येच पाण्यात बुडवायचे, परत धरायचं. आभाळात ऊन होतं आणि नव्हतं.

पहिला आवाज दहाच्या सुमाराला लागला. कौसल्येनं सोऱ्या भरता भरता कान टवकारले. पण ते कच्छचं मिठागर होतं. लाकडी फावडं मिठावरून ओढलं जात होतं, खर्र, खर्र, आणि एक म्हातारी मधूनच कुणाला तरी हाक मारत होती. बस. मिनिटभर. मग दुसराच माणूस बोलायला लागला.

कौसल्या हातात सोऱ्या धरून तशीच उभी राहिली. डिलाईल रोडच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत, शेकडो मैलांवरचं मीठ वाजलं होतं. त्या म्हातारीला ठाऊक तरी असेल का, आपली हाक इथवर आली म्हणून?

तिने सोऱ्या त्याच्यापुढे ठेवला, चिकाचे हात पदराला पुसले आणि दत्तारामाला सांगितलं. मीठ. म्हातारी. लांब, लांब. त्याने पाहिलं आणि सोऱ्या पुढे केला. भर.

मग डॉक्टर आले. माणसाचं काळीज दिवसाला लाखभर वेळा ठोके देतं, म्हणाले. कौसल्येला लाख सांगायला दोन्ही हातांची सगळी बोटं पुन्हा पुन्हा उघडावी लागली. दत्तारामानं दांडा अर्ध्यात थांबवला. कपाळाला आठी पडली. हिशोब चालला होता. मग, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, त्याचे हात उठले.

"माझा साचा मिनिटाला एकशे ऐंशी. एका पाळीत शहाऐंशी हजार."

"हां."

"मग काळीज एका पाळीचं काम चोवीस तास करतं. सावकाश चालतं."

"पण सुट्टी न्हाई," तिने हातांनी सांगितलं.

"रविवार?"

"न्हाई."

"संप?"

"न्हाई रे."

त्याने थोडा विचार केला. मग मिशीला पीळ दिला आणि भुवया उडवल्या. मग जॉबर कोण?

कौसल्येनं बोट वर आभाळाकडे केलं आणि मोठ्याने हसली. सोऱ्यातला चीक प्लास्टिकवर भलतीकडेच गळला. एक कुरडई वाया गेली. गेली तर गेली.

दुपारी प्रफुल्लचा फोन आला. "आई, लागलं का?"

"न्हाई अजून."

"मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं नाहीये. एकालाच सांगितलं, अजितला. आई, ते ओरडणं लागलं तर बाबांना सांगू नकोस. दुसरंच काहीतरी लागलं म्हण."

"हाताने खोटं न्हाई बोलता येत मला."

"म्हणजे?"

"तोंडाने येतं. हाताने कधी बोलले न्हाई." तिने फोन ठेवला.

जेवण वरच झालं, भाकरी आणि ठेचा. केरळातला होडी बांधणारा लागला, बिहारमधला पोस्टाचे शिक्के मारणारा लागला, ठप ठप ठप. पहाडातली एक बाई मेंढरांना बोलावत होती. तिचा आवाज एवढा लांबपर्यंत गेला की कौसल्येचा घास हातातच राहिला. प्रत्येक वेळी ती कान द्यायची, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी काम निघायचं. जन्मभर आपण एकाच रस्त्याला राहिलो, आणि एवढी माणसं एवढी कामं करत होती!

अडीचला आसामातली एक शास्त्रज्ञ बाई हत्तींबद्दल सांगत होती. हत्ती इतक्या खोल आवाजात बोलतात की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही. मैलभर लांबच्या हत्तीला तो जमिनीतून कळतो. पायाने ऐकतो तो.

कौसल्येनं सोंड केली, जमीन दाखवली, तळपाय दाखवला. दत्ताराम उकिडवा होता तो उभा राहिला. चपला काढल्या. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर दोन्ही पाय टेकवले आणि तसाच उभा राहिला, फरशी भाजत असताना.

"मला पण," त्याचे हात म्हणाले. "चार साचे असायचे. पाठीमागचा एक बंद पडला, तर मी वळायच्या आधी पायाला कळायचं."

"ठाऊक हाय."

"तुला कधी सांगितलं?"

"पोळलास की. चपला घाल," तिचे हात म्हणाले. पण तिच्याही डोळ्यांसमोर ते साचेखातं उभं राहिलं होतं, आणि त्यात हत्ती.

साडेतीनला शामराव टाकीवाल्यांना बघायला वर आले. पाठोपाठ नलू, हातात फोन धरून. तिचा मुलगा नेटवर बोलती लावून देऊन गेला होता.

"काय गो वैनी, लागला काय?" नलू मालवणची, चाळीत तिच्या जिभेला सगळे टरकून. "मी सगळ्यांका सांगितलंय हां. भावजींची ती आरोळी ऐकूक सगळे बसलेत खाली. 'धोऽऽटा!'"

"नलू, गप बस."

"अगो चेष्टा केली. तू पण ना."

दत्ताराम नलूच्या तोंडाकडे बघत होता. त्याने हात पाण्यात बुडवले, धुतले, आणि मांडीवर ठेवले. कौसल्येला ते मांडीवर ठेवणं दिसलं.

आणि तेवढ्यात सुरुचीचा आवाज आला. हिंदीत बोलत होती, पण आवाज तिचाच.

"मुंबई, डिलाईल रोड," ती म्हणाली. "कापडाच्या गिरणीत साच्यांच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायला शिकली. दत्ताराम आणि कौसल्या आजही तसंच बोलतात. ते काय म्हणाले हे मी त्यांना विचारलेलं नाही. ऐका."

नलूनं आवाज मोठा केला. कौसल्येनं डोळे मिटून घेतले. आता धोटा येईल. आता.

काहीच आलं नाही.

पंख्याची घरघर. लांब कुठेतरी कबुतर घुमलं. बांगड्या वाजल्या, एकदा, दोनदा, मग थांबल्या. परत वाजल्या.

"गेलं," शामराव म्हणाले. "स्टेशन गेलं वहिनी. सेल संपले असतील." वाकून त्यांनी ट्रान्झिस्टरला एक थापट मारली आणि काटा फिरवायला बोट लावलं.

"हात लावू नका!" कौसल्या अशी ओरडली की टाकीवरचे कावळे उडाले.

"अगो माझा पण गेला," नलू फोन हलवत होती. "नेट गेला वाटता."

"काय गेलं न्हाई. आमीच हाय त्ये."

नलूचा फोनचा हात तिथेच राहिला. शामराव वाकलेले तसेच वाकून राहिले. दिवसभर नुसती बडबडणारी ती बोलती गप्प झाली होती, आणि गप्प बसून ह्या दोघांचं ऐकत होती. पंखा. बांगड्या. स्टूल सरकलं, त्याचा पाय घासला. कौसल्येला ते सगळं ओळखू येत होतं. ही माझी बांगडी, पंखा मोठा कर म्हणाला तेव्हाची. ही चहाची. आत्ता मिठागरातली म्हातारी ऐकत असेल का? पहाडातली बाई? होडीवाला हातोडी थांबवून?

दत्तारामानं एकेका तोंडाकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. नलूचं तोंड उघडं होतं, पण हसायला नाही. त्याने कौसल्येकडे पाहिलं आणि हात मांडीवरून उचलले.

"लागलं? मी ओरडतोय?"

"न्हाई. ओरडणं न्हाई. हात."

"हात?" त्याने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "हात ऐकू येतात?"

"येतात."

"कुणाला?"

तिने दोन्ही बाहू जेवढे पसरता येतील तेवढे पसरले. सगळ्यांना.

तेवढ्यात रेडिओतून टकटक आली. स्टुलावर पेरांनी केलेली, दोनदा. मग दोन ठोके, मुठीचे, तळव्यावर. साधे, बोदे ठोके. साऱ्या देशाला ते दोन ठोके ऐकू गेले, आणि त्यांचा अर्थ गच्चीवरच्या एकाच बाईला कळला.

"आत्ता तू म्हणालास," तिने त्याला हातांनी सांगितलं. काय ते सांगितलं नाही. त्याला कळलं. मान खाली गेली.

त्यानंतर रेडिओवर काहीच नव्हतं. बांगड्या नाहीत. पंखा तेवढा. कौसल्येला ठाऊक होतं, इथे आपण उत्तर दिलेलं नाही. आपण चहाला उठलो. ती रिकामी जागा सुरुचीनं कापली नव्हती. तशीच ठेवली होती, आणि ती चालू होती, लांबत होती. एवढी माणसं थांबली होती तिच्यासाठी.

तिने हात उचलले. कोपरापर्यंत चीक वाळून पापुद्रे धरले होते. दोन्ही मनगटं एकमेकांसमोर आणली आणि फिरवायला लागली. सुताची गुंडी भरतात तशी. बांगड्या वाजायला लागल्या, गच्चीवर, रेडिओतल्या गप्प जागेच्या वर. हळू फिरवत होती, मग भरभर, कांडी खात्यात पाळी संपायला आली की फिरवायची तशी. दंडात कळ आली तरी थांबली नाही.

भरून देते. भरून देते.

दत्तारामानं मान वर केली. तिचे हात पाहिले. पापुद्रे सुटून खाली पडत होते. मग त्याचा उजवा हात पुढे आला आणि तळवा उघडून थांबला, कांडी घ्यायला थांबतो तसा.

कितीतरी वेळानं सुरुचीचा आवाज परत आला आणि कार्यक्रमाचं नाव सांगून निघून गेला. नलू भारावल्यासारखी एक पाऊल पुढे आली, डोळे पुसत, खाली न बघता.

"पाऽऽय!"

आवाज चढला, फाटला, पार रस्त्यापर्यंत गेला. "पाय काढ नले! कुरडई हाय खाली!"

नलूनं टुणकन उडी मारली. दत्ताराम दोन्ही हात पसरून कुरडयांवर वाकला होता. आपण तोंडाने बोललो हे त्याला नंतर कळलं असावं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं.

"काढला हां भावजी, काढला," नलू म्हणाली, आणि त्याला कळावं म्हणून पाय उचलून दाखवला.

शामरावांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि टाकीवाल्यांना फोन करून सांगितलं की आज नको, उद्या या. मग खाली बसून तेही प्लास्टिकचं एक टोक धरून कुरडया उलटायला लागले. त्यांना जमत नव्हतं. दोन मोडल्या.

ट्रान्झिस्टर खरखरला. संध्याकाळचं समुद्राचं हवामान सुरू झालं होतं. अमुक किनाऱ्यावर वारा इतका, लाटा इतक्या.

कौसल्या चिकाचे हात बादलीत बुडवून धुवत होती. स्टूल नव्हतं, म्हणून दत्तारामानं सोऱ्याच्या दांड्यावर पेरांनी दोनदा टकटक केलं. तिने वळून पाहिलं.

त्याने दोन्ही तळवे पालथे केले आणि हलवले. भुवया उडवल्या.

समुद्र काय म्हणतो?